नायकाच्या डोक्यावरचं देणं

जून १९३८ अशी तारीख छापलेल्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅनचा जन्म, बालपण, तारुण्य आणि जीवनध्येय हे सगळं मिळून एक पान आहे. दूरचा एक ग्रह जीर्ण होऊन नष्ट होतो. तिथला एक शास्त्रज्ञ तान्ह्या मुलाला घाईघाईने बनवलेल्या यानात घालून पृथ्वीकडे सोडून देतो. रस्त्याने चाललेला कुणी मोटारवाला ते मूल उचलून अनाथाश्रमात पोचतं करतो. ग्रहाला नाव नाही, शास्त्रज्ञाला नाव नाही, आणि ज्यांच्याशिवाय आज सुपरमॅनची कल्पनाच करता येत नाही ते त्याला वाढवणारं केंट दांपत्य तर अजून कुणाला सुचलेलंच नाही. मूल खुर्च्या उचलून आश्रमातल्या लोकांना थक्क करतं, मोठं होतं, आपली ताकद लोकांच्या भल्यासाठी वापरायची असं ठरवतं. ही ताकद शास्त्राला धरून आहे हे पटवायला मुंगी आणि नाकतोड्याचा दाखला दिलेला आहे. पुढच्या पानापासून गडी कामाला लागतो. क्लीव्हलंडच्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी हे पात्र १३० डॉलरला विकलं होतं.

चाळीस वर्षांनी, १९७८ साली, रिचर्ड डॉनरचा ‘सुपरमॅन’ पडद्यावर आला. त्यात निळ्या-लाल पोशाखातला नायक नीट दिसायला सुमारे पाऊण तास वाट पाहावी लागते. तोवर जे चाललेलं असतं ते त्या एका पानाचं विस्तारित रूप. पटकथेच्या श्रेयनामावलीत पहिलं नाव ‘गॉडफादर’कार मारिओ पुझोचं आहे. बाप-मुलाच्या नात्यावरून साम्राज्यं उभी-आडवी करणाऱ्या माणसाचं नाव इथे दिसावं हा योगायोगच, पण चपखल.

पाऊण तास भरायचा तर काय घालायचं? त्या ग्रहाचा, म्हणजे क्रिप्टनचा, विध्वंस दाखवायचा, खऱ्या बापाच्या भूमिकेतल्या मार्लन ब्रँडोला पांढऱ्या पोशाखात उभं करायचं, हे झालंच. पण पटकथाकारांनी खरं काम केलं ते कॅन्ससच्या शेतावर. केंट दांपत्य कॉमिक्समध्ये १९३९पर्यंत आलेलं होतं. तिथे ते वय होऊन जगाचा निरोप घेतं, एवढंच. चित्रपटात जोनाथन केंट मुलाशी चार शहाणपणाच्या गोष्टी बोलतो आणि अंगणातच हृदयविकाराच्या झटक्याने कोसळतो. दफनभूमीत मुलगा आईला जे म्हणतो त्याचा आशय असा, की एवढ्या शक्ती असून मी त्यांना वाचवू शकलो नाही. हा प्रसंग तिथेच संपत नाही. शेवटी भूकंपात गाडीसकट गाडली गेलेली नायकाची प्रेयसी लोइस लेन मरते, तेव्हा आकाशात झेपावलेल्या सुपरमॅनच्या कानात दोन बापांचे आवाज घुमतात. क्रिप्टनचा बाप मानवी इतिहासात ढवळाढवळ करू नकोस म्हणून बजावतो. कॅन्ससचा बाप तू इथे काही कारणाने आला आहेस म्हणतो. तो कॅन्ससच्या बापाचं ऐकतो आणि काळ मागे फिरवतो. काळ मागे फिरवण्याची ती युक्ती तशी बाळबोध आहे. तरीही ती चालून जाते, कारण तिचं मूळ सुरुवातीच्या त्या मृत्यूत आहे.

अतिनायकांच्या चित्रपटांना जन्मकथेचं एवढं वेड का, याचं उत्तर कॉमिक्सच्या धंद्यात दडलेलं आहे. दर महिन्याला अंक काढायचा तर नायक बदलून चालत नाही. इटालियन लेखक उम्बेर्तो एकोने १९६२ साली सुपरमॅनवर लिहिलेल्या निबंधात यावर बोट ठेवलं होतं: सुपरमॅन म्हातारा होऊ शकत नाही, लग्न करून संसाराला लागू शकत नाही, कारण असं प्रत्येक पाऊल त्याला मरणाच्या थोडं जवळ नेईल. म्हणून प्रत्येक गोष्ट संपली की सगळं पुन्हा जिथल्या तिथे. दोन तासांच्या चित्रपटाची गरज नेमकी उलट. तिथे माणूस सुरुवातीला एक आणि शेवटी दुसरा असावा लागतो. आता हजारो पानांच्या त्या मालिकेत नायक मुळापासून बदलतो अशी गोष्ट शोधायला गेलं तर ठामपणे हाती लागते ती एकच, तो नायक कसा झाला ही. पटकथाकार तिच्यावर तुटून पडतात ते काही निव्वळ आळसाने नव्हे.

पण ती गोष्ट जशीच्या तशी घेता येत नाही. ती बहुधा अपघातावर उभी असते, आणि अपघात छापील पानावर जितका सहज खपतो तितका पडद्यावर खपत नाही. याचं सर्वांत सुरेख उदाहरण स्पायडरमॅनचं, म्हणून त्याच्याशी जरा जास्त वेळ थांबू.

ऑगस्ट १९६२च्या ‘अमेझिंग फँटसी’च्या पंधराव्या अंकात स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी ही कथा ११ पानांत सांगितली. तो त्या मासिकाचा शेवटचा अंक ठरला. पीटर पार्कर नावाच्या एकलकोंड्या शाळकरी मुलाला विज्ञान-प्रदर्शनात किरणोत्सर्गी कोळी चावतो. अंगात आलेल्या शक्तीचा पहिला उपयोग तो पैसे कमावण्यासाठी करतो: कुस्तीच्या आखाड्यात १०० डॉलरचं बक्षीस मारतो, मग मुखवटा घालून टीव्हीवर झळकतो. स्टुडिओच्या बोळातून एक चोर पळत येतो. मागून धावणारा पोलीस अडव म्हणून ओरडतो. पीटर बाजूला होऊन त्याला जाऊ देतो. माझं काय जातं! काही दिवसांनी घरी येतो तर दारात पोलिसांची गाडी. बेनकाकांना कुणा चोराने गोळी घातलेली असते. पीटर मुखवटा चढवून खुन्याला एका ओसाड गोदामात गाठतो, चेहरा बघतो, आणि हाच तो चोर हे त्याला कळतं. शेवटच्या चौकटीत निवेदक मोठ्या शक्तीबरोबर मोठी जबाबदारीही येते अशा अर्थाचं एक वाक्य सांगतो आणि मुलगा अंधारात चालत जातो.

अकरा पानांची ही कथा आजही वाचताना चटका लावते. पण पटकथाकाराच्या नजरेने पाहिलं तर तिच्यात एक मोठं भोक आहे. न्यूयॉर्कसारख्या महानगरात लाखो घरं, आणि नेमका तोच चोर नेमक्या त्याच घरात शिरतो. वाचक ते चालवून घेतो, कारण चौकटीमागून चौकट इतक्या वेगाने जाते की प्रश्न विचारायला उसंत मिळत नाही. शिवाय बेनकाका हे पात्र जवळजवळ नाहीच. पुतण्याचे लाड करणारा एक प्रेमळ म्हातारा, बस्स.

सॅम रायमीचा २००२ सालचा ‘स्पायडर-मॅन’ घ्या. पटकथा डेव्हिड कोपची. पीटर घरी सांगतो की तो ग्रंथालयात चालला आहे, जातो कुस्तीला. काका त्याला गाडीने सोडतात, गाडीतच समजावू पाहतात, आणि जबाबदारीचं ते वाक्य इथे काकांच्या तोंडी येतं. मुलगा फटकारतो: माझे वडील असल्यासारखं बोलू नका. काका दुखावतात, पण घ्यायला येईन म्हणतात. पीटर कुस्ती जिंकतो. ३००० डॉलर ठरलेले असताना आयोजक त्याच्या हातावर १०० टेकवतो आणि ती माझी अडचण नव्हे असं सुनावतो. लगेच एक दरोडेखोर आयोजकाचे पैसे लुटून पळतो. पीटर त्याला वाट करून देतो आणि आयोजकाचंच वाक्य त्याच्या तोंडावर फेकतो. चित्रपटगृहात लोक हसतात. काहीजण टाळ्याही वाजवतात. काही मिनिटांनी पीटर रस्त्यावर येतो तर गर्दी जमलेली. पळायला गाडी हवी म्हणून दरोडेखोराने ज्या म्हाताऱ्याला गोळी घातली, तो पुतण्याची वाट पाहत गाडी घेऊन थांबलेला काका असतो.

कोपने केलेले बदल इथे एकेक करून तपासण्यासारखे आहेत. योगायोग जवळजवळ नाहीसा झाला: चोर तिथेच होता, गाडी तिथेच होती, आणि काका तिथे होते कारण पीटर खोटं बोलला होता. मूळ कथेत पीटरचं बाजूला होणं हा निव्वळ मग्रूरपणा होता. चित्रपटात ती फसवणुकीची फेड आहे, त्यामुळे प्रेक्षकही त्या क्षणी पीटरच्या बाजूने असतो आणि पुढच्या अपराधात आपोआप वाटेकरी होतो. सर्वांत महत्त्वाचा बदल त्या वाक्याच्या जागेचा. कॉमिक्समध्ये ते सगळं घडून गेल्यानंतर निवेदकाने काढलेलं तात्पर्य होतं. चित्रपटात ते मृत्यूच्या आधी आलं, एका माणसाच्या तोंडी आलं, आणि ज्याच्यासाठी होतं त्याने ते झिडकारलं. आता क्षमा मागायला माणूसच उरला नाही. उरलेला चित्रपट, आणि त्यानंतरचा, ते देणं फेडण्यात जातो.

देणं हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. शक्ती कुठून आली याला पटकथेत फारसं मोल नसतं. रायमीने कोळी किरणोत्सर्गी ठेवला नाही, जनुकीय प्रयोगातला केला. अणुबाँबच्या भीतीची जागा तोवर प्रयोगशाळेतल्या जनुकांनी घेतली होती. मूळ पीटर जाळं फेकणारं यंत्र स्वतः बनवायचा. चित्रपटात जाळं मनगटातूनच निघू लागलं, ही कल्पना जेम्स कॅमरॉनने नव्वदच्या दशकात लिहिलेल्या, पण कधीच न बनलेल्या चित्रपटाच्या आराखड्यातून आलेली. त्यावरून जुन्या वाचकांनी बराच गदारोळ केला, आणि चित्रपट लागल्यावर तो विरला. कोळी बदला, जाळं बदला, चालतं. काकांचा मृत्यू काढून पाहा.

आयर्नमॅनच्या बाबतीत तर स्थळ-काळच बदलला. मार्च १९६३च्या ‘टेल्स ऑफ सस्पेन्स’च्या ३९व्या अंकात शस्त्रांचा धंदा करणारा टोनी स्टार्क व्हिएतनाममध्ये जातो, जंगलात पेरलेल्या सुरुंगाच्या स्फोटात त्याच्या छातीत कपचे घुसतात, शत्रू त्याला पकडतात, आणि यिन्सेन नावाच्या वृद्ध शास्त्रज्ञाच्या मदतीने तो लोखंडी चिलखत बनवून सुटतो. पुढे व्हिएतनाम मागे पडलं, पण कॉमिक्समधला टोनी म्हातारा होऊ शकत नव्हता. म्हणून २००५ साली सुरू झालेल्या ‘एक्स्ट्रिमिस’ या कथामालिकेत वॉरन एलिस आणि चित्रकार अदी ग्रॅनोव्ह यांनी हीच घटना अफगाणिस्तानात नेली. २००८चा जॉन फॅव्हरोचा चित्रपट तिथूनच उचलतो. म्हणजे पटकथाकारांपुढे असते ती ‘मूळ’ जन्मकथा नव्हे, तर तिच्यावर दशकानुदशकं चढत गेलेले थर, आणि त्यातला हवा तो थर ते निवडतात.

चित्रपटातलं सर्वांत बोलकं मात्र एक दृश्य आहे आणि माझ्या मते ते सगळ्या चित्रपटाला पुरून उरतं. टोनीच्या जवळ येऊन पडलेल्या बाँबवर त्याच्याच कंपनीचं नाव असतं. तो क्षणभर ते वाचतो, मग स्फोट. मूळ कथेत सुरुंग कुणी बनवला याचा पत्ता नाही. इथे मारणारा आणि मरणारा यांच्यामध्ये बिलाची पावती आली. गुहेत यिन्सेन प्राण सोडताना मिळालेलं आयुष्य वाया घालवू नकोस एवढंच मागतो. या चित्रपटातले बरेच संवाद चित्रीकरणाच्या वेळी जागेवर रचले गेले हे आता सर्वज्ञात आहे. सांगाडा पक्का असला की एवढी मोकळीक घेता येते.

बॅटमॅनची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. मे १९३९मध्ये तो आला तेव्हा त्याला जन्मकथाच नव्हती. ती सहा महिन्यांनी, ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या ३३व्या अंकात, दोन पानांत आली: सिनेमा पाहून परतताना लुटारूने आईवडिलांना गोळ्या घातल्या, मुलाने मेणबत्तीच्या उजेडात शपथ घेतली, व्यायाम केला, विज्ञान शिकला, आणि गुन्हेगारांना धडकी भरेल असं कोणतं रूप घ्यावं असा विचार करत असताना उघड्या खिडकीतून वटवाघूळ आत आलं. खुन्याला जो चिल हे नाव १९४८ साली मिळालं. १९८७ साली फ्रँक मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली यांनी ‘इयर वन’मध्ये हीच कथा पोखरलेल्या पोलीसखात्यात आणून ठेवली आणि लेफ्टनंट गॉर्डनला नायकाच्या बरोबरीचं स्थान दिलं. १९८९च्या ‘द मॅन हू फॉल्स’ या छोट्या कथेत डेनिस ओ’नीलने मुलाला विहिरीसारख्या खड्ड्यात पाडलं आणि पुढे जगभर गुरूंच्या शोधात हिंडवलं.

क्रिस्टोफर नोलन आणि डेव्हिड गॉयर यांच्या ‘बॅटमॅन बिगिन्स’मध्ये (२००५) हे सगळे धागे आहेत. त्यांची करामत धागे ओवण्यात आहे. मुलगा खड्ड्यात पडतो, वटवाघळांना घाबरतो. आईवडील त्याला सिनेमाऐवजी ऑपेराला नेतात. रंगमंचावरच्या पंखवाल्या आकृत्या पाहून त्याला धडकी भरते, तो बाहेर जाऊ या म्हणतो, आणि मधूनच उठून बाहेर पडलेलं कुटुंब त्या गल्लीत सापडतं. वटवाघूळ आणि खून या १९३९पासून शेजारी-शेजारी असलेल्या, पण एकमेकींशी काही देणंघेणं नसलेल्या दोन गोष्टी. पटकथेने त्यांच्यामध्ये एक लहान मुलगा उभा केला, ज्याला वाटतं की मी घाबरलो नसतो तर ते वाचले असते. याउलट टिम बर्टनच्या १९८९च्या ‘बॅटमॅन’ने खून बॅटमॅनचा हाडवैरी जोकर याच्याच नावे लिहिला. हिशोब अगदी चोख जुळतो, आणि म्हणूनच फसतो. खुनी सापडून मेला तर बॅटमॅनने दुसऱ्या दिवशी मुखवटा चढवायचा कशासाठी? कार्यकारणभाव घट्ट करण्यालाही मर्यादा असते. ‘स्पायडर-मॅन ३’मध्ये (२००७) रायमीही याच खड्ड्यात पडला: काकांचा खरा खुनी दुसराच निघाला, आणि पहिल्या चित्रपटाने कमावलेला अपराध पातळ झाला.

आपल्याकडच्या एका पिढीला हे सगळं तसं नवं वाटू नये. इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत भेटलेला वेताळ दर गोष्टीच्या आरंभी आपली वंशकथा सांगायचाच: समुद्री चाच्यांनी मारलेला बाप, किनाऱ्याला लागलेला एकटा मुलगा, कवटीवर हात ठेवून घेतलेली शपथ. आबिद सुरतींनी १९७६मध्ये इंद्रजालसाठी निर्माण केलेला बहादूर तर पटकथाकाराच्या दृष्टीने तयार माल आहे. दरोडेखोराचा मुलगा, बापाला पोलीस अधिकारी मारतो आणि तोच अधिकारी पोराला वाढवतो. सूड आणि ऋण एकाच माणसाच्या दारात. अमेरिकी कॉमिक्समध्येही एवढी घट्ट गाठ फार थोड्यांच्या वाट्याला आली आहे.

जन्मकथा नाकारूनही पटकथा लिहिता येते, पण त्यासाठी ती आधी सर्वांना माहीत असावी लागते. १९५१ साली जोकर रसायनांच्या हौदात पडल्याची कथा आली. १९८८च्या ‘द किलिंग जोक’मध्ये ॲलन मूरने त्याला अयशस्वी विनोदवीर केलं आणि वर त्याच्याच तोंडून आपला भूतकाळ आपल्याला दरवेळी वेगळा आठवतो असं म्हणवून घेतलं. ‘द डार्क नाइट’चा (२००८) जोकर आपल्या गालांवरच्या व्रणांच्या दोन वेगवेगळ्या कहाण्या सांगतो. पहिली ऐकताना प्रेक्षकाला वाटतं, आता याचं मूळ कळलं. दुसरी ऐकताना पोटात गोळा येतो. ज्याचं कुणाला काही देणं नाही, अशा माणसाला थांबवायचं कसं? ‘वंडर वुमन’ने (२०१७) आणखी चतुराई केली: १९४१च्या सुमाराची मातीपासून घडवलेल्या मुलीची कथा आणि २०११नंतरची झ्यूसच्या मुलीची कथा यांपैकी एक निवडण्याऐवजी पहिली आईने सांगितलेलं खोटं म्हणून वापरली आणि दुसरी शेवटचं सत्य म्हणून.

अती झालं की हसूही येतं. २००२नंतर दहाच वर्षांत ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’मध्ये काका पुन्हा मेले. यावेळी दुकानदाराने दुधाच्या पैशांत दोन सेंट कमी पडले म्हणून हटकलं, त्या रागातून पीटर चोराला सोडतो. २०१६च्या ‘सिव्हिल वॉर’मध्ये पटकथाकार शहाणे झाले, नव्या पीटरने शयनगृहात बसून दोन-चार अडखळती वाक्यं बोलली आणि काम भागलं. ‘इनटू द स्पायडर-व्हर्स’ने (२०१८) तर जन्मकथेच्या उजळणीचाच विनोद केला. प्रत्येक नवा कोळीमानव येतो आणि पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगतो म्हणत तीच टेप लावतो.

त्याच मालिकेतल्या २०२३च्या ‘ॲक्रॉस द स्पायडर-व्हर्स’मध्ये मात्र हा विनोद गंभीर होतो, आणि तिथे मुंबईचा खराखुरा संबंध येतो. २००४ साली भारतात ‘स्पायडर-मॅन: इंडिया’ ही छोटी मालिका निघाली होती. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर केला, बेनकाकांचे भीमकाका केले, आणि मुलाला शक्ती दिली ती कोळ्याने नव्हे, एका योग्याने. चित्रपटात हा पवित्र मुंबई आणि मॅनहॅटन एकत्र कालवलेल्या ‘मुंबॅटन’ नावाच्या शहरात भेटतो. तो आनंदी आहे, केस उत्तम आहेत, सगळं त्याला सोपं जातं. त्याच्या मैत्रिणीचा बाप असलेला पोलीस अधिकारी मरायच्या बेतात असताना चित्रपटाचा नायक माइल्स मोरालेस त्याला वाचवतो, आणि वेगवेगळ्या विश्वांतल्या कोळीमानवांचा म्होरक्या मिगेल ओ’हारा संतापतो. जवळचा माणूस गमावल्याशिवाय कुणी स्पायडरमॅन होत नाही, ठरलेला मृत्यू टाळला तर विश्वच कोसळेल, हा त्याचा सिद्धांत. माइल्सचा बापही मरणार असं तो थंडपणे सांगतो. साठ वर्षं लेखक ज्या मृत्यूवर जगले, तोच मृत्यू इथे खलनायकी नियम झाला आहे आणि नायक त्याविरुद्ध पळतो आहे. कट्टर कॉमिक्सचाहत्यांना मिगेलच्या चेहऱ्यात स्वतःचा चेहरा दिसला असेल तर नवल नाही.

मला विचाराल तर जन्मकथेचा सर्वांत धीट उपयोग अलीकडे जेम्स गनच्या २०२५च्या ‘सुपरमॅन’मध्ये झाला आहे. ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांनी ‘ऑल-स्टार सुपरमॅन’मध्ये जन्मकथा अवघ्या चार चौकटींत उरकली होती, गन तर पडद्यावर उमटणाऱ्या चार-दोन ओळींत ती आटोपतो आणि नायकाला थेट बर्फात, मार खाऊन पडलेला दाखवतो. वाटतं, सुटलो. पण चित्रपटाच्या मध्यावर क्रिप्टनच्या आईवडिलांच्या अर्धवट राहिलेल्या संदेशाचा उरलेला भाग उलगडतो: त्यांनी मुलाला सेवेसाठी धाडलं नव्हतं, राज्य करण्यासाठी धाडलं होतं. ज्या देण्याच्या जोरावर हा माणूस चांगला वागत होता, ते देणंच खोटं निघतं. मग चांगलं वागायचं की नाही, हे त्याला पहिल्यांदा स्वतःचं स्वतः ठरवावं लागतं. या बदलावरून चाहत्यांमध्ये बरेच वाद झाले. मला विचाराल तर पटकथाकाराने जन्मकथेला हात लावायचाच असेल, तर तो असाच लावावा.